टेप जोरात, मागचा हॉर्न मुका: उसाच्या ट्रॅक्टरवरच्या साउंडचा खरा हिशेब

विश्लेषण

कारखान्याचा बॉयलर पेटला की सोलापूर जिल्ह्यातले रस्ते बदलतात. टेंभुर्णी, अकलूज, पंढरपूर, मोहोळ, मंगळवेढा, कुठंही जा, दोन-दोन ट्रॉल्या भरून ऊस ओढणारे ट्रॅक्टर रांगेनं दिसतात. राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळं ट्रॅक्टरही तेवढेच. आणि हे ट्रॅक्टर दिसायच्या आधी ऐकू येतात. ट्रॅक्टर अजून वळणापलीकडं असतो, पण त्याच्या बेसनं रस्त्याकडेच्या घराची पत्रं थरथरायला लागतात.

मग दरवर्षी ठरलेला खेळ होतो. गावकरी तक्रार करतात, पोलीस चार दिवस गाड्या अडवून टेप उतरवून घेतात, कारखाना वाहतूकदारांना सूचना देतो. पंधरा दिवस शांतता, त्यानंतर पुन्हा तेच गाणं, तोच बेस.

या वादात दोन बाजू नेहमी ऐकू येतात. गावकरी म्हणतात, म्हातारी माणसं झोपत नाहीत, दहावी-बारावीच्या पोरांचा अभ्यास होत नाही. ड्रायव्हर म्हणतो, रात्र-रात्र स्टिअरिंगवर काढायची, एक गाणं पण लावू नको का? दोघांचंही म्हणणं खरं आहे. पण तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि जीव त्याच प्रश्नात अडकलाय. तो प्रश्न असा: टेप जोरात असताना ड्रायव्हरला काय काय ऐकू येत नाही?

ट्रॅक्टरचे मागचे डोळे म्हणजे कान

कार चालवणाऱ्याला आत एक आणि बाहेर दोन आरसे असतात. उसाच्या ट्रॅक्टरला आरसे असले तरी उपयोग थोडा. मागच्या ट्रॉलीत ऊस ट्रॅक्टरच्या डोक्यापेक्षा उंच आणि चाकांच्या बाहेर आलेला. आरशात दिसतो तो फक्त ऊस. मागून मोटरसायकल आली, एसटी आली, १०८ ची ॲम्ब्युलन्स आली, तर ते कळायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे कान.

मागच्या ट्रॉलीचं चाक पंक्चर झालं, पिन निसटायला लागली, साखळी घासायला लागली, मोळ्या सुटून रस्त्यावर पडायला लागल्या, तर त्याची पहिली खबरही कानालाच लागते. जुने ड्रायव्हर गाडीचा आवाज बदलला की लगेच पाय ब्रेकवर नेतात. "गाडी बोलती" असं ते म्हणतात. टेप जोरात असला की गाडी काय बोलते ते ऐकूच येत नाही.

आपल्या जिल्ह्यात याला आणखी एक बाजू आहे. कार्तिकी वारी आणि गाळप हंगामाची सुरुवात साधारण एकाच वेळी येते. माघी एकादशी तर ऐन हंगामात. म्हणजे ज्या रस्त्यानं ऊस कारखान्याला जातो, त्याच रस्त्याच्या कडेनं दिंड्या पंढरपूरला चालत असतात. पहाटेच्या अंधारात, धुक्यात, टाळ-मृदंगाच्या नादात चाललेली माणसं ड्रायव्हरला दिसायच्या आधी ऐकू यायला हवीत. दिंडीच्या मागं चालणारा माणूस "थांब, थांब" ओरडला तर ते ट्रॅक्टरवर पोचायला हवं.

आवाजाचं गणित

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. हे माप फूट-किलोसारखं सरळ चढत नाही. १० डेसिबल वाढले की आवाजाची ताकद १० पट होते, आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो.

साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर, लोड ओढताना, ड्रायव्हरच्या कानापाशी नुसत्या इंजिनाचाच आवाज ९० डेसिबलच्या आसपास जातो. गाणं ऐकू यायचं तर ते या आवाजाच्या वर न्यावं लागतं. म्हणून ट्रॅक्टरवरचा टेप कारमधल्या टेपपेक्षा मुळातच जोरात लागतो. ड्रायव्हरला मस्ती आलीय एवढंच त्याचं कारण नाही. इंजिन टेपला दाबतं, टेप इंजिनाला दाबतो, आणि या कुस्तीत आवाज १०० डेसिबलपर्यंत सहज पोचतो.

आता मागचा हॉर्न धरा. हॉर्न गाडीजवळ कितीही मोठा असला तरी मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की तो साधारण ६ डेसिबलनं कमी होतो. मध्ये दोन ट्रॉल्यांचं अंतर आणि उसाची भिंत. हा हॉर्न ड्रायव्हरच्या कानापर्यंत येतो तेव्हा तो टेपच्या बराच खाली गेलेला असतो. हॉर्न वाजवणाऱ्याला मात्र वाटतं, "एवढा हॉर्न मारतोय, बाजू का देत नाही?" तो चिडतो, उजवीकडून गाडी घालतो. ट्रॅक्टरवाल्याला तो आलाय हेच माहीत नसतं आणि तो खड्डा चुकवायला उजवीकडं वळतो. पुढचं सांगायला नको.

बेसची आणखी एक खोड आहे. जाड, खालचा आवाज मोठा असला की तो वरच्या पट्टीतले बारीक आवाज गिळून टाकतो. सायकलची घंटी, माणसाची हाक, ट्रॉलीच्या पिनचा खणखणाट हे सगळे वरच्या पट्टीतले. म्हणून सबवूफर बसवला की गाणं भारी वाटतं, पण बाहेरचं जग कानातून निघून जातं.

कान बंद असले की काय होतं याची एक आठवण देशाला आहे. २६ एप्रिल २०१८ रोजी उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात फाटक नसलेल्या रेल्वे क्रॉसिंगवर शाळेची व्हॅन आणि रेल्वे यांची धडक झाली. १३ मुलं गेली. चालकाच्या कानात इअरफोन होते, असं तेव्हा प्राथमिक माहितीत समोर आलं होतं. ते इअरफोन होते, आपल्याकडं स्पीकर आहेत. कानाला दोन्ही सारखेच.

गाण्यानं झोप जाते का?

ड्रायव्हर लोकांचं सगळ्यात मोठं म्हणणं हेच: टेप नसला तर झोप लागेल, आणि झोप लागली तर गाडी पलटी होईल. हे म्हणणं झटकून टाकण्यासारखं नाही. कारण अर्धं ते बरोबर आहे.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठात गाणी आणि ड्रायव्हिंग यावर अभ्यास झाला. सरळ, कंटाळवाण्या रस्त्यावर गाणी ऐकल्यानं गाडी चालवणं बिघडत नाही, उलट माणूस थोडा ताजा राहतो, असं त्यात दिसलं. म्हणजे गाणं हे पाप नाही.

पण इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये पेंगुळलेल्या ड्रायव्हरांवर थंड हवा आणि रेडिओ यांचा प्रयोग केला. निष्कर्ष असा निघाला की दोन्हींचा फायदा झाला तर थोडा वेळच टिकतो. त्याच गटाच्या कामात खरा उतारा सापडला तो वेगळाच: गाडी बाजूला लावून कॉफी घेणं आणि १५ मिनिटांच्या आत एक डुलकी काढणं. आवाज वाढवत नेला की ड्रायव्हरला आपण जागे आहोत असं वाटत राहतं, पण मेंदू पेंगलेलाच असतो. डोळे उघडे, माणूस झोपलेला.

कोणतं गाणं, हेही महत्त्वाचं. इस्रायलमधल्या बेन गुरियन विद्यापीठात वेगवान ठेक्याच्या गाण्यांवर प्रयोग झाला. ठेका वाढला तसा गाडीचा वेग वाढला आणि सिग्नल तोडण्यासारख्या चुकाही वाढल्या. २०१३ मध्ये तिथल्याच अभ्यासात ८५ नवशिक्या तरुण ड्रायव्हरांना शिक्षक शेजारी बसवून रस्त्यावर नेलं. आपल्या आवडीची गाणी आपल्या मर्जीच्या आवाजात लावली तेव्हा त्यांच्या चुका वाढल्या. आपल्याकडं उसाच्या ट्रॅक्टरवर कितीतरी पोरं विशी-बाविशीतलीच असतात, आणि लावलेलं असतं डीजे रिमिक्स. हा अभ्यास परदेशातल्या कारचा असला तरी पोरं आणि ठेका दोन्ही आपल्या ओळखीचेच आहेत.

खोक्यावरचे वॅट आणि खरा करंट

आता साउंड वाढवण्याच्या धंद्याकडं बघू. तालुक्याच्या ठिकाणी दुकानात गेलं की खोक्यावर १००० वॅट लिहिलेला ॲम्प्लिफायर मिळतो. ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची. १००० वॅट १२ व्होल्टवर घ्यायचे तर ८० अँपिअरच्या वर करंट लागेल. नेहमीच्या ट्रॅक्टरचं चार्जिंग हे दिवे, हॉर्न आणि बॅटरी भरण्याच्या हिशेबानं दिलेलं असतं. ते एवढा करंट देऊच शकत नाही. खोक्यावरचा आकडा हा बहुतेक वेळा क्षणभराच्या झटक्याचा असतो. सतत किती ताकद मिळते ते आरएमएस वॅटमध्ये लिहिलेलं असतं, आणि तो आकडा खूप लहान असतो. घेताना तोच बघायचा.

खरे ३०० वॅट धरले तरी २५ अँपिअर होतात. दोन्ही हेडलाइट मिळून १० अँपिअरच्या आसपास घेतात. म्हणजे टेप हेडलाइटच्या अडीचपट करंट खातो. बेसच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंद होताना तुम्ही बघितला असेल. ते लाइट-शो नसतं. बॅटरीवर ताण येतोय, आणि तेवढ्या क्षणाला समोरचा रस्ता कमी दिसतोय. रात्रभर असं चाललं की पहाटे यार्डात स्टार्टर उचलत नाही, मग चार माणसं ढकलायला.

वायरिंगचा धोका यापेक्षा मोठा. बारीक वायर, फ्यूज नाही, बॅटरीवरून सरळ जोड, वरून चिकटपट्टी. वायर तापते, आवरण वितळतं, शॉर्ट होतो. मागं वाळलेल्या पाचटाचा ढीग असतो, हे विसरू नका. जळालेल्या गाडीत बाहेरून केलेली जोडाजोड सापडली तर विम्याच्या दाव्यालाही अडचण येऊ शकते.

आणि सगळ्यात मोठी गंमत अशी की यातले कितीतरी स्पीकर ड्रायव्हरकडं तोंड करून नसतातच. ते मडगार्डवर, टपावर, बाहेर तोंड करून लावलेले. म्हणजे गाणं ड्रायव्हरसाठी लावलेलं नाही, गावासाठी लावलंय. ड्रायव्हरला ऐकायचं असेल तर कानाच्या जवळ, त्याच्याकडं तोंड केलेला छोटा स्पीकर पुरतो. अंतर निम्मं केलं की तोच आवाज कमी ताकदीत मिळतो, बॅटरी वाचते आणि शेजारचं गावही झोपतं.

ड्रायव्हरच्या कानाचं काय?

या सगळ्यात सगळ्यात जास्त नुकसान ज्याचं होतं, तो ड्रायव्हरच. कामाच्या जागेसाठी अमेरिकेतल्या आरोग्य संस्थेनं घालून दिलेली मर्यादा अशी: ८५ डेसिबलमध्ये ८ तास, ९४ मध्ये १ तास, १०० डेसिबलमध्ये फक्त १५ मिनिटं. उसाचा ड्रायव्हर १०० डेसिबलमध्ये रात्र काढतो, आणि पूर्ण हंगाम काढतो. ट्रॅक्टरवरून उतरल्यावर कानात शिट्टी वाजत राहते, ती पहिली खूण. कानाच्या आतल्या बारीक केसांच्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. चाळिशीत बायको-पोरांचं बोलणं नीट ऐकू येईनासं होतं, तेव्हा त्याचं कारण विशीतल्या टेपमध्ये असतं.

कायदा काय सांगतो

रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र धरली आहे. वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. दवाखाना, शाळा-कॉलेज आणि कोर्ट यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र करता येतं, तिथं मर्यादा त्याहून कमी. म्हणजे वस्तीतून जाणारा टेप रात्री तर बंदच असायला हवा.

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड वाढले. आवाजाची मानकं मोडून सार्वजनिक ठिकाणी वाहन चालवलं तर कलम १९० नुसार पहिल्याच वेळी ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि लायसन ३ महिने अपात्र ठरू शकतं. गाडीत परवानगीबाहेरचा फेरफार केला तर कलम १८२-अ नुसार मालकाला प्रत्येक फेरफारामागं ५,००० रुपयांचा दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. इथं "मालक" हा शब्द महत्त्वाचा. ड्रायव्हर पगारी असला तरी बोजा मालकावर येतो. आणि गाणं बदलायला हातात मोबाईल धरून गाडी चालवली तर ते धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये मोडतं.

कायदा कडक आहे. अडचण अंमलबजावणीची आहे, कारण रात्री दोन वाजता फाट्यावर डेसिबल मोजायला कुणी नसतं.

एकट्या ड्रायव्हरला धरून भागणार नाही

टेप कशासाठी लागतो, हे विचारलं तर बोट वरपर्यंत जातं. ऊस वाहतुकीचे पैसे टनावर आणि अंतरावर मिळतात. जितक्या खेपा, तितके पैसे. त्यामुळं झोप हा ड्रायव्हरच्या हिशेबात तोटा ठरतो. फडात ट्रॉली भरेपर्यंत थांबायचं, रस्त्यात चालवायचं, यार्डात नंबर लागेपर्यंत ताटकळायचं, वजनकाटा, गव्हाण, आणि रिकामी ट्रॉली घेऊन लगेच परत. यार्डात बारा-बारा तास गेले तरी ती झोप नसते, कारण रांग हलली की गाडी पुढं घ्यावी लागते. मग टेपचा आवाज वाढतो.

म्हणजे टेप हा रोग नाही, रोगाचं लक्षण आहे. कारखान्यांनी ठरवलं तर यातलं बरंच बदलतं. टोकन देऊन वेळ बांधून दिली, यार्डात आडवं व्हायला शेड आणि पाणी दिलं, रांग पुढं घ्यायला दुसरा माणूस ठेवला, तर ड्रायव्हर चार तास झोपू शकतो. वाहतूक करार करताना मागचे लाल दिवे, रिफ्लेक्टर आणि स्पीकर या तिन्हींची तपासणी एकाच वेळी करून मगच गाडीला नंबर द्यायचा, हेही कारखान्याच्या हातात आहे. पोलिसांना रस्त्यावर जे जमत नाही, ते वजनकाट्यावर सहज जमतं. काटा चुकवून कुठलीच गाडी जात नाही.

मालकांनीही एक हिशेब करावा. कितीतरी ट्रॅक्टरांवर हजारो रुपयांचा साउंड असतो आणि मागच्या ट्रॉलीला काहीशे रुपयांची रिफ्लेक्टर पट्टी नसते. अंधारात बंद पडलेल्या ट्रॉलीवर मागून मोटरसायकल आदळली, ही बातमी आपण दर हंगामात वाचतो. त्या ट्रॉलीला पट्टी असती तर एक घर उभं राहिलं असतं.

मग टेप लावायचाच नाही का?

लावा. पण हे बघून लावा:

स्पीकर एकच, छोटा, ड्रायव्हरकडं तोंड करून. बाहेर तोंड केलेले काढून टाका. सबवूफर ट्रॅक्टरवर नकोच. वायर जाड घ्या आणि बॅटरीजवळ फ्यूज बसवा. गाण्यांची यादी निघायच्या आधी लावून मोबाईल खिशात ठेवा. वस्ती, शाळा, दवाखाना, दिंडी, अरुंद पूल आणि फाटा आला की टेप बंद. डोळे जड झाले की आवाज वाढवू नका. गाडी रस्त्याच्या पूर्ण खाली घ्या, इंडिकेटर चालू ठेवा आणि पंधरा मिनिटं डुलकी काढा. गावकऱ्यांनीही रात्री ट्रॅक्टर अडवून हाणामारीवर येऊ नये. नंबर टिपा, ११२ ला फोन करा, कारखान्याच्या शेतकी ऑफिसला कळवा.

आणि आवाज किती ठेवायचा, हे ठरवायला मीटर लागत नाही. ट्रॅक्टर मोकळ्या जागी उभा करा, दोन्ही ट्रॉल्या भरलेल्या, इंजिन चालू, टेप रोज लावता तेवढ्या आवाजात. मागच्या ट्रॉलीच्या पन्नास पावलं मागं मोटरसायकल उभी करून एकाला हॉर्न वाजवायला सांगा, आणि तुम्ही सीटवर बसा. हॉर्न स्पष्ट ऐकू आला तर तुमचा टेप ठीक आहे. नाही आला, तर येईपर्यंत बटण मागं फिरवा आणि तिथं पेनानं खूण करा. हंगाम संपेपर्यंत त्या खुणेच्या पुढं बटण जाऊ द्यायचं नाही.